कांदळाच्या चकत्या

मखमलाबादचे चिमाजी अण्णा म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. झेंडू आणि गुलाब पिकवायचे, गणेशवाडीच्या फूलबाजारात विकायचे, आणि कुणी जरा थांबलं की फुलं राहायची बाजूला, लेकीचं पुराण सुरू. "आमची साधना खाडीतल्या झाडांच्या पोटात शिरून जुना पाऊस हुडकती," असं म्हणायचे. लोक हसायचे. नाशकात कुठली आलीय खाडी! पण अण्णांना त्याचं काय?

साधना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. तिचं लग्न रखडलं म्हणून आई, गोजराबाई, उठताबसता बोलायची. कोकणात वादळानं खाडीकाठची कांदळाची जुनी जुनी झाडं आडवी केली, तेव्हा साधना वनखात्याची परवानगी काढून तिकडं गेली आणि बुंध्यांच्या चकत्या पोत्यात भरून घेऊन आली. गोजराबाईनं कपाळाला हात लावला. "लोकांच्या पोरी कोकणातून काजू आणत्यात, आमची सरपण आणती!"

चकत्या ठेवल्या कांद्याच्या चाळीत, कारण तिथं वारा खेळतो आणि ऊन लागत नाही. साधनाला त्या लगेच घासून भिंगाखाली धरायच्या होत्या. अण्णाच म्हणाले, "ओलं लाकूड हाय, तडकंल. वाळू दे दमानं. पळून चाललंय का ते?" साधनानं ऐकलं. मग अण्णा रोज संध्याकाळी चाळीत जाऊन एकेक चकती परतायला लागले, आणि साधना शेजारी पालथ्या क्रेटवर बसून त्यांना समजावून सांगायची. लाकडात पाणी वर न्यायच्या बारीक नळ्या असतात. पाऊस भरपूर झाला, खाडीचं पाणी गोडसर झालं, की कांदळ मोठ्या आणि विरळ नळ्या धरतो. पाऊस ओढला, खार वाढला, की नळ्या बारीक आणि दाट.

"बारीक कशापायी?"

"खाऱ्या पाण्याला ओढ जास्त लागते, अण्णा. मोठी नळी असली की तिच्यात हवा शिरते आणि पाणी तुटतं."

"म्हंजे आपल्या मोटारीगत! हवा धरली की बसलीच बोंबलत."

साधना खळखळून हसली. "अगदी तसंच. त्या भागात पाऊस मोजायची सोय व्हायच्या आधीचा पाऊस यांच्यात आहे. या चकत्या म्हणजे माझा जीव आहे, अण्णा."

बापानं ते मनावर घेतलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात साधनाला डेंग्यू झाला आणि होत्याचं नव्हतं झालं. आठवडासुद्धा काढला नाही हो तिनं. चाळिशीही न गाठलेली लेक बापानं खांद्यावर नेली. देवाला डोळे असतात असं म्हणतात, त्या दिवशी कुठं होते कोण जाणे!

गेलेल्या माणसाच्या आवडीची वस्तू त्याच्यासोबत द्यायची त्यांच्यात रीत. तिरडी बांधून झाली आणि अण्णांची बहीण चतुराबाई रडत रडत म्हणाली, "चिमा, पोरीला काय लय आवडायचं रे? दे तिच्यासंगं." अण्णा तडक चाळीकडं गेले. पोतं उचलून आणलं, कुणाला हात लावू दिला नाही. स्मशानात एकेक चकती त्यांनी स्वतः लेकीच्या कुशीला लावली. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. अडवणार कोण?

तेरावं झाल्यावर दीपमाला आली. ही साधनाच्याच हाताखाली शिकलेली मुलगी. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "अण्णा, ताईंचं काम मी पुरं करते. त्यांच्याच नावानं छापायचं ठरलंय. फक्त त्या चकत्या द्या."

अण्णांनी गोजराबाईकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

"दुसऱ्या नाय का मिळायच्या?" अण्णांनी विचारलं.

"एवढी जुनी झाडं तेवढीच होती. जागेवर राहिली ती भरतीनं ओढून नेली. उभी झाडं तोडायला बंदी आहे. का हो अण्णा? आहेत ना त्या?"

 एवढ्या बोलक्या माणसानं चार वाक्यांत सांगितलं, जसं घडलं तसं.  "फोटोसुद्धा काढले नव्हते," दीपमाला एवढंच म्हणाली. "वाळल्यावर घासून काढू म्हणाल्या होत्या."

 मग अण्णांनी भीत भीत विचारलं, "जळलेल्यात काय दिसतं का गं? त्या नळ्या?"

"राखेत नाही दिसत. कोळसा असेल तर दिसतात. चांगल्या दिसतात." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. तिसऱ्या दिवशी सावडायला गेले तेव्हा राखेत जाड, काळे, गोल तुकडे निघाले होते. साधनाचा धाकटा भाऊ कुंदन ते बाजूला ठेवत होता. "तिचं काय बी मागं ठेवायचं नाय," असं दरडावून अण्णांनीच ते अस्थींच्या गाठोड्यात घातले आणि रामकुंडात सोडले. पाण्याला ओढ होती. बघता बघता सगळं गेलं होतं.

"एकदा डेंग्यूनं नेली," अण्णा म्हणाले. "राहिलेली मीच घालवली. तिचं नाव राहिलं असतं गं पोरी, ते बी मीच बुडवलं."

"गप बसा!" गोजराबाई एकदम ओरडली. "बापानं लेकीला तिचा जीव दिला. त्यात काय चुकलं?" असं म्हणाली खरी, पण मग तिलाच हुंदका आवरेना, आणि लेक गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई दीपमालाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.