फागूची वादळखिडकी

साखरशेतच्या शाळेतला शिपाई फागू याचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर शेणमाती लिंपली, की भिंत झाली. पश्चिमेच्या भिंतीला फळीची एक खिडकी होती. २००३च्या मे महिन्यात वादळात ती उडाली, शेजारच्या पोशीच्या परसात पडली आणि घरातलं भाताचं निम्मं बियाणं भिजलं.

पुढच्या वर्षी बियाणं भिजू द्यायचं नाही, एवढ्यावर घरात एकमत होतं. बायको नवशीचं म्हणणं, भोक कारवीनं बुजवावं. खर्च काही नाही. फागूनं मात्र जव्हारला गौतमच्या दुकानात लोखंडी चौकटीची, जाड काचेची खिडकी पाहून ठेवली होती. किंमत चार हजार आठशे. वादळात हलली तर पैसे परत.

"भिंत कशाची आहे?" गौतमनं विचारलं.

दुकानात शाळेतले दोन गुरुजी उभे होते.

"पक्की," फागू म्हणाला.

खिडकी चौघांनी उचलून आणली. बसवल्यावर भिंत बाहेर कलली. मग चौकटीला धरायला विटांचे दोन खांब आले, खांबांना पाया आला, सिमेंटसाठी जीप आली. सगळं मिळून अकरा हजार गेले. बाकी भिंत कारवीचीच राहिली. वाडीतली माणसं येऊन खिडकी उघडून, लावून बघत. घर विकायला काढलंस तर खिडकी विक आणि घर वर फुकट दे, असं पोशीनं सुचवलं.

पुढच्या मेमध्ये वारा सुटला तेव्हा फागू जव्हारला होता. नवशीनं बियाणं पोत्यात भरलं आणि पोशीकडे नेलं. पोशीच्या घराला खिडकीच नव्हती.

फागू परतला तेव्हा पश्चिमेची भिंत अंगणात आडवी झाली होती. छप्पर लाकडी मेढींवर असल्यानं टिकलं. दोन खांबांमध्ये खिडकी उभी होती. काच शाबूत, कडी लागलेली. पैसे परत मागायची सोय नव्हती.

भिंत होती तिथून फागू आत गेला. बियाण्याची जागा रिकामी दिसली. त्यानं कडी काढली, खिडकी उघडली आणि पोशीच्या ओट्यावर बसलेल्या नवशीला त्यातून विचारलं, "बियाणं कुठं गेलं?"

"इथं आहे, कोरडं आहे," नवशी म्हणाली. "तू खिडकी लाव आधी. पाऊस आत येईल."

फागूनं लावली.