मागून आणलेली कुंची

गाडी जुंपली तेव्हा आई घरातून बाहेर आली नाही. सगळा पाडा जमला होता. कुणी माझ्या ओटीत नाचणी घातली, कुणी माझ्या पोटाकडे बघून डोळ्याला पदर लावला, पण आमच्या उंबऱ्यात कोणी नव्हतं. मास्तर, म्हणजे माझे यजमान, बैलांपाशी उभे होते. 'चला' म्हणायचा त्यांना धीर होत नव्हता. शेवटी मीच म्हटलं, चला.

पाड्यातल्या बायांनो, तुम्ही मागाहून म्हणालात की हिनं पाडा टाकला. मला ते ठाण्यात कळलं, कारण असलं बोलणं बैलगाडीच्याही आधी पोचतं. मी पाडा टाकला नाही. मी गेले. दोन्हींत फरक आहे आणि तो मी आज लिहून ठेवणार आहे. लिहायला मी ठाण्यातच शिकले, मास्तरांकडून, पोरीला मांडीवर घेऊन. तुमच्यापैकी जिला वाचता येत नाही तिनं कुणाकडून वाचून घ्यावं. ज्या माझ्यासारख्याच निघून गेल्या त्यांनी दोनदा वाचावं.

दाभोश्याच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला आपला पाडा. तेव्हा जव्हारच्या राजांचं राज्य होतं. मास्तर आपल्याच डोंगरातले, राजांच्या शाळेत शिकलेले, आणि त्यांना ठाण्याच्या शाळेत नोकरी लागली. पण मी काही त्यांच्या नोकरीमागे फरफटत गेले नाही. माझा पहिला मुलगा आपल्याच पाड्यात जन्मला आणि भात पोटरीला यायच्या आत तापानं गेला. त्यानंतर पाण्याला गेले की तुम्ही बोलायच्या थांबायचात. कुणाची नजर लागली, कुणी काय खायला घातलं, मी बाळंतपणात कुठं पाय टाकला, याचा निकाल तुम्ही रोज नवा लावायचात. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी मास्तरांना सांगितलं, हे मूल मला या पाणवठ्यावर वाढवायचं नाही.

आईला ते पटलं नाही. "बाळंतपन हितंच व्हतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची. मग बोलेनाशी झाली.

गाडी नाल्यात उतरली तेव्हा ती समोर उभी होती. बांधाबांधानं आडवी आली असावी, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. तिनं माझ्या मांडीवर एक बोचकं ठेवलं. उघडून बघते तो आत कुंची. लहान मुलाच्या डोक्यावरून घेऊन पाठीवर सोडतात ती. पण अर्धीच. डोक्याचा भाग शिवलेला, तोही ठिगळाठिगळांचा, आणि पाठीवरच्या घोळाला नुसती कड.

आपल्यात रीत आहे. एक मूल गेलं की पुढच्याची कुंची आपल्या घरच्या कापडाची करायची नाही. दारोदार जाऊन जुन्या चिंध्या मागायच्या आणि त्या जोडून शिवायची. म्हणजे सटवी येते तेव्हा तिला कळत नाही हे मूल कुठल्या घरचं, आणि ती तशीच परत जाते. माझी आई, जिनं जन्मात कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नाही, ती माझ्यावर रागावलेली असताना घराघरांतून चिंध्या मागत फिरली होती. जिच्याशी बांधावरून भांडण होतं तिच्याही दारात गेली होती. मी त्या बाईचं लाल काठाचं लुगडं ओळखलं.

"ही हितल्या घरांची झाली," आई म्हणाली. "तिकडं ऱ्हाशील त उरलेली तिकडच्या घरांची माग. आपल्या घरची चिंधी लावू नको, पोरी. तेवढं ऐक माझं."

मग बैलांना वाट देऊन ती बाजूला झाली.

मोखाड्याला मावशीकडे मुक्काम केला. तिथं इंग्रजांचं राज्य, पण मावशी आपलीच. तिनं काही न विचारता हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला आणि मी तो तिच्याच अंगणात जोडला. पुढं खोडाळ्यावरून कसारा, आणि कसाऱ्याला आगगाडी. बोचकं मी कुणाच्या हातात दिलं नाही.

ठाण्याची आमची खोली तळ्याजवळच्या चाळीत होती. समोरच्या बिऱ्हाडात ताराबाई राहायच्या. त्यांचे यजमान कचेरीत होते, आणि मूल कसं वाढवावं हे ताराबाईंना त्यांच्याहून जास्त कायद्यानं माहीत होतं. मला बसवून त्यांनी आपली पेटी उघडली. लेस लावलेले फ्रॉक, हनुवटीखाली रिबीन बांधायचं बॉनेट, लोकरीचे बूट, पावडरीचा डबा. "आता तुम्ही जंगलात नाही," त्या म्हणाल्या. "मुलाला जरा रीतसर ठेवा."

मला ते आवडलं हो. खोटं कशाला सांगू? मी काही साधीभोळी सती नव्हते. ठाण्याच्या बाजारात एक तुकडेवाला बसायचा. गिरणीतल्या ताग्यांची उरलेली टोकं ढीग करून विकायचा. शहाण्या बायका नाकं मुरडून पुढं जायच्या आणि मी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची. निळ्या फुलांची छीट मला तिथंच सापडली. एवढीशी होती, पण त्यातून मी माझं पोलकं बेतलं, आणि बाह्या फुग्याच्या केल्या. तेव्हा ठाण्यात फुग्याच्या बाह्यांचं वेड होतं. ते पोलकं घालून मी तळ्याकाठी गेले तेव्हा मास्तर माझ्याकडे असे बघत राहिले की समोरून आलेल्या माणसावर आपटले.

नव्या बाळंतिणींनो, ज्या कुठल्या गावात एकट्या पडला असाल, तुमच्यासाठी लिहिते. दुपट्यांना दुकानातलं फ्लॅनेल घेऊ नका. नवऱ्याची जुनी धोतरं फाडा. जितकं जास्त धुतलेलं, तितकं पोराला मऊ. लोकरीचे बूट पोर दोन लाथांत काढून टाकतं, त्यापेक्षा जुन्या बनियनच्या बाहीला टोकाशी गाठ मारा, झाला मोजा. टोपड्याला रिबीन नको, बंदच बरा. खुळखुळा विकत आणू नका, बांबूच्या पेरात चार बिया घालून तोंड बंद केलंत की त्याच्यासारखा आवाज नाही. आणि पाळणा मिळाला नाही म्हणून रडू नका. लुगड्याची झोळी आढ्याला बांधा. माझी पोर ताराबाईंच्या पितळी कड्यांच्या पाळण्यात रडायची आणि झोळीत टाकली की झोपायची. ताराबाईंना ते कधी पटलं नाही, पोरीला पटलं.

पोर म्हणजे मुलगीच झाली. बारशाला हेडमास्तरीणबाई येणार असं ठरलं आणि आमच्या खोलीत कुंचीवरून कुजबुज सुरू झाली. मास्तर चांगले आहेत, पण हेडमास्तरांचं नाव निघालं की त्यांचा आवाज बारीक होतो. "एक दिवस ती कुंची बाजूला ठेव," ते म्हणाले. "ताराबाई बॉनेट देतायत. आणि तसंही ती अर्धीच आहे."

अर्धी होती हे खरं. पोर जन्मायच्या आधी कुंची पुरी करायची नसते. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. जंगली म्हणून आधीच माझ्याकडे बघायचे. त्यांच्या दारात जाऊन चिंधी कशी मागू?

मी पोरीकडे बघितलं. झोपेत तिची मूठ उघडत मिटत होती. पहिल्याचीही तशीच व्हायची. मग मला कसली लाज आणि कसलं काय!

बारशाच्या आदल्या दिवशी, डोक्याला फडकं, कानात कापूस, पोर छातीशी, अशी मी सज्जात आले. बाळंतीण बाहेर पडली म्हणून चाळ गोळा झाली. पडले बाहेर! आपल्या पाड्यात बाया बाळंतपणानंतर किती लवकर लावणीत उतरतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. पहिलं दार देवगडच्या म्हातारीचं. मी पदर पसरला आणि म्हटलं, "पोरीच्या कुंचीला जुनी चिंधी द्या." म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, विचारलं, "पयला गेला काय गो?" मी मान हलवली. तिनं नेसत्या लुगड्याचा पदर दातानं फाडला. पुढं गुजराती शेठाणीनं बांधणीचा तुकडा दिला आणि पोरीच्या कपाळाला बोट लावलं. कुणी हसून दिलं, कुणी दारातूनच टाकलं, पण दिलं.

राहिलं ताराबाईंचं दार.

"अहो, चिंध्या कसल्या मागता?" त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या बायकोनं भीक मागायची? हा फ्रॉक घ्या. कोरा आहे."

"नवं नको. जुनं द्या," मी म्हटलं.

"भिकारपणाला मी हातभार लावणार नाही," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मी खोलीत येऊन शिवायला बसले. घोळ भरत आला आणि बरोबर पाठीच्या मधोमध तळहाताएवढं भोक उरलं. ताराबाईंची जागा. मास्तर म्हणाले, लावून टाक कुठलाही तुकडा. कुठला लावू? घरात होतं ते सगळं आपल्याच घरचं, आणि आईनं तेवढंच नको म्हणून सांगितलं होतं. त्या भोकातून मला माझाच गुडघा दिसत होता. भीती वाटली, आणि भीतीच्या पाठोपाठ असा संताप आला की मी खुंटीवरचं पोलकं ओढलं आणि त्याच्या बाहीचा फुगा कातरला. सटवीला काय लिहायचं ते लिहू दे. ही पोर माझी आहे. साऱ्या जगाचं कापड तिच्या अंगावर आणि आईचंच नाही, हे मला मान्य नाही. निळ्या फुलांचं ठिगळ मी दुहेरी टाक्यानं बसवलं.

एक बाही राहून कसं चालेल, म्हणून दुसरीही कापली. बारशाला हेडमास्तरीणबाई आल्या. त्यांनी पोरीच्या कुंचीकडे बघितलं, मग माझ्या उघड्या दंडांकडे, आणि यातलं जास्त वाईट कुठलं ते त्यांना ठरवता येईना. मी पेढा पुढं केला. पुढं चाळीतल्या दोघींनी आपल्या बाह्या तशाच कापून घेतल्या. त्यांना ती मुंबईची नवी फॅशन वाटली. मी कशाला काय बोलते!

पण मनातली भीती गेली नाही. पोरीचं अंग जरा कोमट लागलं की मी कुंचीवरचं ते निळं ठिगळ बघायची. उसवावं असं वाटायचं, आणि हात जायचा नाही. असं वर्ष काढलं. पोर चालायला लागली तेव्हा शाळेच्या सुट्टीत आम्ही पाड्यावर आलो.

आई अंगणात नाचणी पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं आधी पोरीला नाही, कुंचीला हात लावला. उलटी केली, सुलटी केली. डोक्याकडची ठिगळं तिची ओळखीची. पाठीकडच्या एकेका ठिगळावर बोट ठेवून ती विचारत गेली, "ही कोनाची?" मी सांगत गेले. देवगडची म्हातारी. शेठाणी. जिन्याखालची विठाबाई. जिनं कधी कसारा बघितला नाही ती माझी आई माझी चाळ एकेका दारानं फिरून आली.

मग बोट निळ्या फुलांवर आलं.

"ही?"

"माझी," मी म्हटलं. "एकीनं दिली नाही. मी माझ्या पोलक्याची लावली. तू नको म्हणाली होतीस तरी लावली." आणि मी भांडायला सज्ज होऊन उभी राहिले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

आईनं पोरीला उचललं, तिचे पाय बघितले, दंड दाबून बघितले. मग म्हणाली, "आपल्या घरची लावू नको म्हनलं व्हतं मी. ही कुठं आपल्या घरची? ही तुझ्या घरची. तुझं घर आता येगळं झालं, बाय."

ते तिनं माझ्या भल्यासाठी म्हटलं. रीत मोडली नाही, पोरीला धोका नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. पण मला ते असं लागलं की मी अंगणातच बसले. तुम्ही सगळ्या म्हणत होतात ते मी वर्षभर ऐकून घेतलं होतं, एक शब्द मनाला लावून घेतला नव्हता. आईच्या तोंडून आलं तेव्हा कळलं की मी खरंच गेले आहे.

मग मला दुसरी गोष्ट सुचली, आणि मी ताडकन उठले. पोरीला तिच्याकडून घेतलं, कुंची तिच्या डोक्यावर चढवली, आणि चालत अंगणाच्या बाहेर गेले. तिथून वळून पुन्हा आत आले, आमच्याच उंबऱ्यासमोर उभी राहिले आणि पदर पसरला.

"माझं घर वेगळं झालं ना?" मी म्हटलं. "मग हे घर राहिलंय. पोरीच्या कुंचीला चिंधी दे."

आई माझ्याकडे बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा असा झाला, जसा ती नाल्यात उभी होती तेव्हा मला बघायचा होता. तिनं नेसत्या लुगड्याचा काठ धरला आणि फाडायला गेली तर फाटेना. शेवटी आम्ही दोघींनी मिळून तो ओढला.

तो तुकडा कुंचीच्या गळ्याशी आहे, बंदाला लागून. त्या कुंचीत माझी पुढची दोन वाढली, चाळीतलीही काही वाढली, आणि एकदा ताराबाईंच्या सुनेनं ती मागून नेली, तेव्हा मी विचारलं नाही कशाला. कुणी मला अजूनही विचारतं, तुमचं घर नेमकं कुठलं, पाड्यावरचं की ठाण्याचं? मी कुंची त्यांच्यापुढं टाकते आणि म्हणते, ठेवा बोट कुठंही.