मारिबोर ते मुलुंड: नवरा राहायला आणला त्याची गोष्ट

या ब्लॉगवर आजवर मी कुठे कुठे जाऊन आले तेच लिहीत आले. या वेळी मी कुठेच गेले नाही. म्हणजे गेले, पण माहेरीच, आणि येताना नवऱ्याला घेऊन आले. पाहुणा म्हणून नाही, राहायला.

माझा नवरा मातेय स्लोव्हेनियातला, मारिबोर गावचा सुतार. खिडक्या-दारं करतो. लग्नानंतर तीन वर्षं मी त्याच्याकडे राहिले. गेल्या वर्षी आई गेली आणि मुलुंडच्या घरात बाबा एकटे उरले. फोनवर "मी मजेत आहे गं" म्हणायचे आणि मागे टीव्हीचा आवाज जरा जास्तच मोठा असायचा. एका रविवारी सूप ढवळता ढवळता मातेय म्हणाला, "आपण तिकडे जाऊ या. राहायला." मी त्याला तीनदा विचारलं, खरंच का? तिसऱ्यांदा तो चिडला, तेव्हा मला खरं वाटलं.

असं काही तुमच्याही मनात असेल तर आधी कागदांचं सांगते. भारतीय माणसाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो तो एंट्री व्हिसा. त्यासाठी लग्नाचा दाखला, त्यावर तिकडच्या सरकारचा शिक्का, इंग्रजी भाषांतर, माझा पासपोर्ट, बाबांच्या घराचं लाइट बिल असं सगळं जोडलं. पाच आठवडे लागले. व्हिसा हातात आला की त्यावरचा बारीक मजकूर डोळे फाडून वाचा. आमच्या व्हिसावर लिहिलं होतं की उतरल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. नोंदणी झाली तर राहता येणार. नाही झाली तर मातेय परत जाणार, आणि बाबा की नवरा हे मला ठरवावं लागणार. हे मी त्याच्याजवळ कधी बोलले नाही, पण अख्ख्या विमानप्रवासात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

सकाळी साडेनऊला अंधेरीला विमानतळाबाहेर पडलो. मोठ्या चार बॅगा आणि त्याची हत्यारांची पेटी असल्यामुळे मोठी टॅक्सी करावी लागली. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने मुलुंडला यायला सव्वा तास आणि साडेआठशे रुपये लागले. पवईच्या तलावाजवळ मातेयने काच खाली केली, एक खोल श्वास घेतला आणि लगेच काच वर केली.

बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन सलाम ठोकून म्हणाला, "आ गये श्रीरंग साब!" हे श्रीरंग प्रकरण आता समजावून सांगायला हवं.

आमचं कायदेशीर लग्न मारिबोरला झालं. नंतर आईच्या हौसेखातर बोरिवलीच्या एका हॉलमध्ये विधिवत झालं. त्याची तयारी चालली होती तेव्हा गुरुजींनी मुलाचं नाव आणि गोत्र विचारलं आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. आपल्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. माझी बोरिवलीची कुमुदआत्या पुढे झाली. "हिचं नाव मी ठेवलं, ह्याचंही मीच ठेवणार. आजपासून हा माझा मानलेला मुलगा," असं म्हणून तिने त्याला स्वतःचं गोत्र दिलं आणि श्रीरंग हे नावही. पत्रिका छापायच्या राहिल्याच होत्या, त्यावर झोकात छापून आलं, 'चि. श्रीरंग'. तेव्हापासून अख्ख्या बिल्डिंगला तो श्रीरंग. खालच्या पाट्यांवर बाबांच्या नावाखाली सेक्रेटरी सावंतकाकांनी तेच नाव रंगवून घेतलेलं होतं. मला तर ते बघून भरूनच आलं. मूर्ख मी.

वर बाबा दारातच उभे होते. "इलास? बस. घावणे खा," एवढं बोलून आत गेले. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, आई करायची तशी नव्हती, पण होती. जेवताना बाबा आणि मातेय एकमेकांकडे बघून मान हलवत होते. दोघेही मुळात कमी बोलणारे, त्यात बाबांचं इंग्रजी कारखान्यातल्या मशीनच्या पार्टांपुरतं. चार दिवस हे असंच चाललं. मला वाटलं, दोघांचं काही जमत नाही. मी आपली मध्ये बसून दोघांच्या वाटचं बोलत होते.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तो दुसऱ्या दिवशी भरला. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच हवा. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढून ठेवा, कुठे ना कुठे लागतातच. पोलीस घरी पडताळणीला येतील असं कळलं होतं, पण कधी ते कळलं नव्हतं.

सहाव्या दिवशी, फार घरात बसलो म्हणून, मढला गेलो. ही सहल मी कुणालाही सुचवेन. मुलुंडहून दुपारच्या रिकाम्या गाडीने घाटकोपर, तिथून मेट्रोने थेट वर्सोवा, मग रिक्षाने जेट्टी. बोट लहानशी, तिकीट किरकोळ, आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. उतरल्या उतरल्या बांबूंवर ओळीने वाळत घातलेले बोंबील. एका कोळणीने मातेयच्या नाकापुढे टोपली धरली, "ताजा हाय, घे रं बाला." साडेसहा फुटांचा बाला लाजला. एका घरगुती खानावळीत बोंबील फ्राय, सुकट आणि भाकरी खाल्ली, दोघांचे मिळून पाचशे चाळीस झाले. मातेयने काट्यांसकट बोंबील खाल्ले. आल्यापासून पहिल्यांदाच माझे खांदे जरा सैल झाले होते, तेवढ्यात सावंतकाकांचा फोन आला.

"स्वाती, एक हवालदार येऊन गेला. कुणी मातेय कोवाच नावाचा फॉरेनर इथे राहतो का, विचारत होता. मी ठणकावून सांगितलं, असला कुणी इथे राहत नाही. वॉचमनलाही विचारलं त्याने, तोही नाहीच म्हणाला. पाट्या दाखवल्या मी त्याला. तू काही काळजी करू नकोस."

"काका! अहो, मातेय म्हणजे आपला श्रीरंग!"

मग काका म्हणाले, "अगं, पण तो फॉरेनर विचारत होता. श्रीरंग आपला जावई आहे ना?"

बाबा तेव्हा पार्कात कॅरम खेळायला गेले होते. घराला कुलूप. झालं, वाट लागली.

तसेच परत फिरलो. बोट, रिक्षा, मेट्रो, ट्रेन, कुठून काय दिसलं मला आठवत नाही. संध्याकाळी पाचला आमच्या हद्दीच्या पोलीस स्टेशनात पोचलो. हवालदार सज्जन माणूस होता. त्याने कागद दाखवला: 'सदर इसम सदर पत्त्यावर आढळून आला नाही.' खाली सावंतकाकांची झोकदार सही.

"ताई, मी काय करू? सेक्रेटरी नाही म्हणतो, वॉचमन नाही म्हणतो, पाटीवर दुसराच माणूस. रिपोर्ट अजून पाठवला नाहीये. उद्या अकराला मॅडम येतील. सेक्रेटरीला आणा, आणि हे दोन नावांचं काय ते सांगणारं माणूस आणा."

मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर मातेय बाबांना सगळं खुणांनी सांगत होता. बाबा सगळं बघून उठले, चपला घालून परत खाली गेले, ते तासाभराने आले.

रात्रीच आत्याला फोन केला आणि पहाटे पावणेपाचला मी तिला आणायला निघाले. मुलुंडहून ठाण्यापर्यंत रिक्षा, तिथून घोडबंदर रोडने बोरिवलीची बस. सकाळी लवकर निघालात तर सव्वा तासात पोचता, नंतर मात्र देव जाणे. आत्या पैठणी नेसून तयार होती. हातात लग्नाचा अल्बम आणि पत्रिकांचा गठ्ठा.

"पोलीस स्टेशनात पैठणी, आत्या?"

"मुलाच्या कामाला चाललेय. तू गप गं."

अकराला मॅडमसमोर आम्ही पाच जण उभे. मी, मातेय, आत्या, बाबा आणि घामाघूम झालेले सावंतकाका. मॅडमनी पासपोर्ट बघितला, पत्रिका बघितली, परत पासपोर्ट बघितला.

"आजी, हे नाव तुम्ही दिलंत?"

"मीच. त्याची आत्या इथे नव्हती ना, मग कोण देणार?"

मॅडमच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण आवाज तसाच राहिला. "नावाचं कळलं. लग्नाचा दाखला पासपोर्टच्या नावावर आहे, ते ठीक. पण प्रश्न राहण्याचा आहे. हे गृहस्थ त्या घरात खरंच राहतात, कशावरून? सेक्रेटरींनी काल नाही म्हणून सही दिलीय, आज हो म्हणतायत. मी कुठलं धरू?"

मॅडम मातेयकडे वळल्या आणि त्यांनी सावकाश इंग्रजीत विचारलं, "घरात पाणी किती वाजता येतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं! मी एरवी रोज साताला उठत होते.

मातेय मात्र ताठ उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "सव्वापाच. पावणेसात बंद. पहिला पिंप. मग टाकी. मग दोन बादली, बाथरूम." मग थांबून, बोट वर करून, "मंगळवार कमी. बाबा शिवी देतो."

हवालदार फसकन हसला. "बरोबर आहे मॅडम. आमच्या क्वार्टर्सलाही हीच वेळ आहे. मंगळवारी खरंच बोंब असते."

मी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते, पण कान लाल झाले होते. म्हणजे मी झोपलेली असताना हे दोघे रोज पहाटे उठून पाणी भरत होते. न बोलता, किंवा बाबांच्या त्या अस्सल मालवणी शिव्यांतून बोलत. आणि मी इकडे दोघांमध्ये पूल बांधत बसले होते.

मॅडमनी हवालदाराला परत घरी पाठवलं. त्याने मातेयचे बूट, हत्यारांची पेटी, दात घासायचा ब्रश बघितला, शेजाऱ्यांचे जबाब घेतले आणि नवा रिपोर्ट लिहिला. सावंतकाकांनी त्याला जबरदस्तीने चहा पाजला आणि संध्याकाळपर्यंत खालची पाटी बदलून दोन्ही नावं रंगवून घेतली. तुम्हाला माझा एकच सल्ला आहे. व्हिसाचे कागद करा, पण आधी बिल्डिंगमध्ये घरोघर जाऊन पासपोर्टावरचं नाव सांगून या.

अकराव्या दिवशी दुपारी परवानगीची ईमेल आली. मी ती चार वेळा वाचली, मग मोठ्याने वाचली. माझा जीव भांड्यात पडला. मातेयने मला उचललं आणि माझं डोकं पंख्याला लागता लागता राहिलं. आजवरच्या प्रवासांतून मी मीठ-मसाले, मॅग्नेट, दगड असलं काहीबाही घरी आणलं. या खेपेला काय राहिलं असं विचाराल तर हे दोघे एका घरात राहिले. मला दुसरं काही नको आहे.

हे लिहून मी इथेच थांबणार होते. पण त्या दुपारी बाबांनी मला हाक मारली आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. त्यावर एक फोन नंबर.

"ह्यांना फोन लावून दे. मला तो टच फोन जमत नाही."

"कोण आहेत?"

"वांगणीला वृद्धाश्रम आहे. मॅनेजर आपल्या कणकवलीचाच आहे. पोलिसांनी नाही म्हटलं ना, त्या संध्याकाळी मी खाली जाऊन वॉचमनच्या फोनवरून खोलीचं बोलून ठेवलं होतं. म्हटलं, तुझा पाय माझ्यात अडकायला नको."

मी नंबर लावून फोन त्यांच्या कानाला धरला. बाबा घसा खाकरून नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "होय, मीच बोलतंय. ती खोली नको आता. आमचो जावय इलो हा, ऱ्हवाक."