डेल्फिनाला ऑस्टिनला जाता येत नव्हतं

डेल्फिना माझ्या शेजारी राहायला आली तेव्हा तिच्या घराला छप्पर होतं, पण भिंती तीनच होत्या. चौथ्या बाजूला निळी ताडपत्री. नवरा चेमा दिवसभर लोकांच्या घरांवर छपरं घालायचा आणि उरल्यासुरल्या फळ्या आणून स्वतःचं घर बांधायचा. आमच्या वस्तीत सगळ्यांचीच घरं अशी तुकड्यातुकड्यानं उभी राहिलेली.

टेक्ससच्या या टोकाला दक्षिणेकडे नदी, नदीपलीकडे मेक्सिको. उत्तरेला फालफुरियसची चौकी. तिथे हिरव्या गणवेशातले गस्तवाले गाडीत डोकावून कागद विचारतात. डेल्फिना लग्नानंतर व्हिसावर आली होती. व्हिसा संपला, ती राहिली. तिची मुलं इथलीच, जन्मानं नागरिक. ती आणि चेमा मात्र बिनकागदाचे. नदी ओलांडली तर परत येता येणार नाही, आणि चौकीवर सापडली तर गस्तवालेच नदीपलीकडे नेऊन सोडणार. मधल्या पट्ट्यात तिचं सगळं आयुष्य.

"कोंबड्यांचं बरं," ती म्हणायची. "त्यांना खुराडं दिसतं तरी."

गावात बायकांचा एक दवाखाना होता. पाळणा लांबवायच्या गोळ्या मिळायच्या, तपासण्या व्हायच्या, कागद कोणी विचारायचं नाही. एकदा तिथल्या नर्सनं डेल्फिनाच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली आणि म्हणाली, "पेशी ठीक दिसत नाहीत. पुन्हा ये, तुकडा काढून तपासू." पण त्याच उन्हाळ्यात ऑस्टिनला, राजधानीत, आमदारांनी बायकांच्या दवाखान्यांच्या पैशाला कात्री लावली. डेल्फिना परत गेली तेव्हा दाराला कुलूप होतं. आतली सगळी माणसं घरी बसली होती. आता अशी तपासणी फुकटात करणारं जवळचं ठिकाण म्हणजे सॅन अँटोनियो. चौकीच्या पलीकडे.

"मग रेनोसाला दाखवून ये," मी म्हटलं. "नदीपलीकडे डॉक्टर स्वस्त असतात."

"आणि परत कशी येऊ, पोहत? पोरांना कोण बघणार? चेमाला अंडं उकडता येत नाही."

हसलो दोघी. पण त्या हिवाळ्यात तिला पाळी नसतानाही रक्त जायला लागलं, आणि ती हसायची थांबली.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ऑर्तेन्सियाच्या अंगणात तेव्हा बायकांच्या बैठका भरायच्या. दवाखाने पुन्हा उघडावेत म्हणून सरकारकडे मागणी करायची होती. डेल्फिना आधी नुसती कॉफी वाढायला गेली. मग वस्तीवस्तीत जाऊन बायका गोळा करायला लागली. गाडी चालवली तर पोलीस परवाना मागतील म्हणून उन्हातान्हात पायीच. एक बाई गोळ्या पुरवून पुरवून अर्धी अर्धी घेत होती, तिला दिवस गेले होते. एकीच्या छातीत गाठ होती आणि ती नवऱ्याला सांगत नव्हती. डेल्फिना त्यांना हाताला धरून बैठकीला आणायची.

अधिवेशन सुरू झालं. ऑस्टिनला सुनावणी होती, ज्याला बोलायचं त्यानं समितीपुढे उभं राहून बोलायचं. ऑर्तेन्सिया नागरिक, ती गेली. डेल्फिनाची हकीकत तिनंच सांगायची असं ठरलं. आम्ही डेल्फिनाच्या स्वयंपाकघरात फोनवर बघत बसलो. ऑर्तेन्सिया छान बोलली. मग समितीच्या अध्यक्षानं चष्मा काढून विचारलं, "या बाई स्वतः का नाही आल्या?"

ऑर्तेन्सियानं हातातल्या कागदाची घडी घातली. खरं सांगितलं तर डेल्फिना पकडली जाणार.

"त्यांची तब्येत बरी नाही," शेवटी ती म्हणाली.

"बरी व्हावी ही सदिच्छा. पुढचे कोण?"

डेल्फिनानं घेवड्याखालचा गॅस बंद केला. "माझे पाय धड आहेत, तोंड धड आहे. म्हणे तब्येत!"

ऑर्तेन्सिया परतली ती रडतच आली. डेल्फिनानं तिला खुर्ची दिली. "रडू नकोस, बाई. तू खरं बोलली असतीस तर उद्या माझ्या दारात त्यांची गाडी उभी राहिली असती." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला तिकडे जाता येत नाही ना? मग त्यांना इकडे बोलवा. त्यांना कोण अडवतंय?"

आमच्या भागाच्या आमदाराच्या कचेरीत बायकांनी फोन करायला सुरुवात केली. रोज कुणी ना कुणी. तिथल्या मुलीला आमचे आवाज पाठ झाले. "आज कोण, मावशी?" असं ती आपणहून विचारायची. शेवटी कंटाळूनच असेल, आमदार चर्चच्या सभागृहात यायला तयार झाला.

चेमानं आदल्या दिवशी जेवण टाकलं. "तोंड दाखवलंस की नाव विचारतील. नाव कळलं की उचलून नेतील."

"नेलं तर अंडं उकडायला शीक," ती म्हणाली. पण तव्यावरची पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

सभेच्या दिवशी रस्त्यापलीकडे गस्तवाल्यांची गाडी उभी होती. मुद्दाम की योगायोगानं, देव जाणे. बऱ्याच बायका ती बघून दारातूनच परत फिरल्या. डेल्फिनाही थबकली. मला वाटलं, ही पण जाणार. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि आत शिरली.

ती आपल्या भाषेत बोलली, ऑर्तेन्सियानं इंग्रजीत सांगितलं. रक्ताचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. पुरुषांनी माना खाली घातल्या, तरी ती थांबली नाही. आमदार जुना गुरंवाला माणूस, हॅट मांडीवर ठेवून ऐकत होता.

"पण बाई, सॅन अँटोनियोला उपचार होतात," तो म्हणाला. "चार तासांचा तर रस्ता."

"तुमच्यासाठी, साहेब. माझ्यासाठी तो रस्ता चौकीपाशी संपतो."

आमदारानं खिडकीतून त्या गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यानं तिचं नाव विचारलं नाही. "पुढच्या बाईंना बोलू द्या," एवढंच म्हणाला. सभा संपल्यावर आम्ही तिला मधे घेऊन घोळक्यानं घरी आणलं. गाडी जागची हलली नाही.

पुढच्या अधिवेशनात थोडे पैसे परत आले. तिच्या बोलण्यानं आले की कशानं, कोण सांगणार? टायरच्या दुकानाशेजारी दवाखाना उघडला, आठवड्यातून दोनच दिवस. डेल्फिना पहिल्याच दिवशी रांगेत होती. तुकडा तपासला. तोवर उशीर झाला होता. कॅन्सर होता, पण बाहेर पसरला नव्हता. इथल्याच एका डॉक्टरनं पैसे न घेता गर्भाशय काढून टाकलं. ती वाचली.

मी सूप घेऊन गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी समजूत काढायला म्हटलं, "तुला आणखी मूल कुठे हवं होतं?"

"नकोच होतं," ती म्हणाली. "पण ते 'नको' माझं होतं ना गं."

मी सूपचा वाडगा तिच्या उशाशी ठेवला.

आता ती पुन्हा वस्त्यांतून हिंडते. दवाखान्यात आजार सापडतो, पण उपचाराला पैसा नाही, म्हणून यंदा त्याची मागणी आहे. ऑर्तेन्सियाची बस पहाटे ऑस्टिनला निघते. डेल्फिना बसमधल्या बायकांसाठी मक्याच्या पिठाचे तामालेस उकडते, अजून वाफाळत असतानाच डब्यात भरून देते. "निवल्यावर खाऊ नका, चव जाते," असं बजावते. बस निघाली की ती घरात येते आणि फोन चार्जिंगला लावते. सुनावणी लांबली तर मधेच बंद पडायला नको.