डोंगराकडची बाजू

ट्रक ड्रायव्हरकडे किस्से साठतात, त्याला तो तरी काय करणार? दिवसदिवस गाडीत बसायचं, शेजारी बहुतेक वेळा कुणी नसतं, इंजिनाच्या आवाजात स्वतःचं गाणंसुद्धा ऐकू येत नाही. मग डोकं तेच ते उगाळत बसतं. यार्डात पोचून चहाचा कप हातात आला की सगळं बाहेर सांडतं. समोरच्यानं ऐकलंच पाहिजे असंही नाही. तो त्याचं सांगत असतो.

माझ्याकडे साठलेले बहुतेक किस्से दोघांचे आहेत, योहानचे आणि बाजाबाचे. आम्ही तिघं नगरच्या मार्केट यार्डातून एकाच शेठच्या गाड्या चालवायचो, माळशेज घाटानं कल्याण, पुढे मुंबई. जाताना कांदा नाहीतर गूळ, येताना बंदरातलं सरकारी धान्य. दुष्काळाची वर्षं होती ती, बाहत्तर आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागून कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. योहान त्या घाटातच गेला, आणि त्या दिवशी गाडी बाजाबा चालवत होता. मी बाजाबाची बाजू घेऊन बोलतोय असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. घेतोच आहे.

*

योहान नगरचा, मिशन कंपाउंडच्या मागच्या चाळीत राहणारा. उंच, बारीक, दाढी रोज करणारा. बाजाबा पाथर्डीकडचा, अंगानं दांडगा, टोपी झोपेतसुद्धा न काढणारा. घाटाच्या तोंडाशी रस्त्याकडेला शेंदूर फासलेला एक दगड होता. खाली उतरणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे गाडी थांबवून नारळ फोडायचा. योहानही थांबायचा. नुसता थांबायचा नाही, चपला काढून बाजूला उभा राहायचा.

बाजाबाला ते बरेच दिवस खटकत होतं. एकदा त्यानं विचारलंच.

"तुजा देव येगळा. तू कशापायी थांबतो?"

"देव वेगळा हाय रे," योहान म्हणाला, "पन घाट एकच हाय ना."

बाजाबानं थोडा विचार केला आणि नारळाचं अर्धं भकल त्याच्या हातात दिलं. तेव्हापासून योहानची वाटणी ठरून गेली. पुढे पुढे तर नारळ आतून खराब निघाला की योहानच त्याला बोलायचा, "बघून घेत जा की जरा. कानाशी धरून हलवायला काय होतं तुला?"

*

माळशेजचं धुकं ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. गाडीचं नाक दिसत नाही. अशा वेळी एकानं खाली उतरायचं, खांद्यावर पांढरं धोतर नाहीतर टॉवेल टाकायचा आणि रस्त्याच्या मधोमध चालायचं. मागच्या ड्रायव्हरनं त्या पांढऱ्यावर नजर ठेवून गाडी हाकायची. मग त्याच्या मागच्यानं पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर.

दुष्काळाच्या आदल्या पावसाळ्यात असंच धुकं पडलं. बाजाबानं आपली गाडी वर लावून ठेवली आणि आमच्या दोन गाड्यांसाठी तो पुढे चालत निघाला. त्याच्या मागे योहानची गाडी, योहानच्या मागे माझी. बरंच अंतर गेल्यावर बाजाबा डावीकडे वळला. योहाननं चाक डावीकडे घेतलं. मीही घेतलं. जरा वेळानं पुढून बोंब आली.

"आरं, मी मुतायला चाल्लोय! माज्या मागं कुठं येता?"

आमची पुढची चाकं गवतात होती. गवताच्या पलीकडे सरळ दरी होती, ते धुकं हटल्यावर आम्ही पाहिलं. मग योहान हसायला लागला तो थांबेचना. "तू पाय ठेवशील तिथं मी गाडी घालनार," तो बाजाबाला म्हणाला, "आता तू कुठं कुठं जातो ते तू बघ."

मला हा किस्सा आता सांगवत नाही. पण तो नसेल तर पुढचं काही कळणार नाही.

*

परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, मिलो म्हणायचे तिला. भाकरी नीट थापली जायची नाही, पण लोक तिच्यावरच जगत होते. एकदा योहानच्या गाडीतलं एक पोतं फाटलं आणि चढावर दाणे सांडायला लागले. मी मागून हॉर्न दिला, हात केला. त्यानं आरशात पाहिलं, मान हलवली आणि गाडी आणखी हळू केली. रस्त्याच्या कडेच्या वाडीतल्या बाया केरसुण्या घेऊन धावल्या. मागून येणारी माझी गाडी त्यांच्यासाठी थांबवावीच लागली. एक म्हातारी तर पदर पसरून रस्त्यातच बसली होती. वाडी संपल्यावर योहाननं गाडी बाजूला घेतली आणि दाभण काढून पोतं शिवलं. चांगलं, व्यवस्थित शिवलं.

गोदामात पोतं हलकं भरलं. तिथल्या साहेबानं विचारलं, "हे असं कसं?"

"घाट चढताना पोतं पन दमतं साहेब," योहान म्हणाला.

साहेबानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पोतं आत घ्यायला सांगितलं. तोही शेवटी याच जिल्ह्यातला माणूस.

*

बाजाबाची बायको सुगंधा तेव्हा पाथर्डीच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला होती, खडी फोडायला. पाथर्डीच्या गोदामाला माल असला की आमच्या गाड्या तिच्या समोरूनच जायच्या. भर उन्हात बाया ओळीनं बसलेल्या, डोक्यावर ओला पदर, हातात हातोडी.

एके दिवशी बाजाबानं तिथेच गाडी उभी केली. सुगंधाच्या हातातली हातोडी काढून घेतली, तिला गाडीत नेऊन बसवलं, सीटवर आडवी हो म्हणाला आणि स्वतः खडी फोडायला बसला. मुकादम धावत आला. "ओ, हे बायांचं काम आहे."

"मंग तिचा दगड बाईमानूस हाय का?" बाजाबानं विचारलं आणि हातोडी चालवत राहिला.

सुगंधा गाडीत गाढ झोपली. तिला उठवायचं जिवावर आलं म्हणून तो दुपार उतरेपर्यंत फोडत बसला. माल उशिरा पोचला, शेठनं झाडलं. बाजाबा कुणाचं एवढं तेवढं देणं ठेवणारा माणूस नव्हता. जे करायचं ते अंगानं करून मोकळा व्हायचा. म्हणूनच पुढचं त्याला इतकं जड गेलं.

*

घाटातला ड्रायव्हर शिकतो तेव्हा उस्ताद त्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो. ब्रेक गेला तर गाडी डोंगराकडे घालायची. दरीकडे चुकूनही नाही. डोंगरावर घासली तर पत्रा जाईल, दरीत गेली तर सगळंच जाईल. आम्ही ही गोष्ट एकमेकांना इतक्यांदा सांगितली होती की ती आता डोक्यात नव्हती, हातात होती.

योहानची गाडी कल्याणला दुरुस्तीला पडली होती. ती आणायला तो बाजाबाच्या गाडीतून निघाला. उतारावर बाजाबाच्या पायाखालचं पॅडल पार खाली गेलं. गिअर लागेना. हँडब्रेकनं धूर काढला, गाडी काही थांबली नाही. पुढच्या वळणावर डोंगर डावीकडे होता. बाजाबानं गाडी डोंगराला लावली. गाडी थांबली. बाजाबाला खरचटलंसुद्धा नाही. डावी बाजू आत गेली, आणि डाव्या बाजूला योहान बसला होता.

केस झाली. ब्रेक निकामी झाल्याचं निघालं, बाजाबा सुटला. घाटातल्या एकाही ड्रायव्हरनं त्याला बोल लावला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि चाकावर योहान असता तर त्यानंही तेच केलं असतं. हे सगळे त्याला सांगायचे. तो ऐकून घ्यायचा.

एकदाच, आम्ही दोघंच असताना, तो म्हणाला, "मी चाक धरून नुसता बसल्तो. माजं काय धाडसच हुईना. तवा योहानच बोल्ला, डोंगराकडं घाल, बाजाबा."

मी म्हटलं, "अरे, मग हे मार्थावहिनींना सांग की." मार्था म्हणजे योहानची बायको.

"न्हाई," तो म्हणाला. "मेलेल्या मानसाच्या तोंडावर घालून मी मोकळा हू? तू बी सांगायचं न्हाई."

मी सांगितलं नाही. आजवर नाही.

*

योहानला मातीत ठेवलं त्या दिवशी बाजाबा कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला, अनवाणी. पाद्रीसाहेब स्वतः बोलवायला आले तरी आत गेला नाही. दहाव्या दिवशी सकाळी मला नदीवर घेऊन गेला. सीना कोरडी ठाक होती. वाळूत बसून त्यानं डोकं भादरून घेतलं.

न्हाव्यानं विचारलं, "कोन गेलं?"

"भाऊ."

मी त्याला म्हणालो, "बाजाबा, त्यांच्यात दहावा नसतो."

"त्येंच्यात नसंल. आमच्यात हाय."

तिथून तो तसाच मार्थावहिनींच्या दारात गेला. टोपी हातात. वहिनींनी दार उघडलं. त्याचं तुळतुळीत डोकं पाहिलं. मला वाटलं, आता त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील, काहीतरी होईल. त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. त्याचंच वाईट वाटलं. बाजाबा ओट्यावर बराच वेळ उभा होता, मग मीच त्याचा हात धरून आणला.

*

त्यानंतर बाजाबानं घाट सोडला. पाथर्डी, आमच्या जिल्ह्यातलं कर्जत, सपाटीवरच्या खेपा मागून घ्यायचा. शेठनं काही महिने चालवून घेतलं. मग म्हणाला, घाट करायचा नसेल तर गाडीची किल्ली ठेव. खडी फोडणाऱ्या बायकोचा नवरा किल्ली ठेवून जाणार कुठे? तो घाटाला लागला खरा, पण डाव्या सीटवर त्यानं मातीनं भरलेलं पोतं ठेवलं आणि डावं दार दोरीनं आवळून बांधलं. त्या बाजूला कुणालाही बसू द्यायचा नाही. एकदा शेठच्या मेव्हण्याला त्यानं वर ताडपत्रीवर बसवून कल्याणला नेलं! यार्डात सगळे हसले. मीही हसलो, पण घाटात डोंगर जवळ आला की तो गाडी दरीच्या कडेला कशी घ्यायचा ते मी पाहिलं होतं. हा असा एक दिवस गाडी दरीत घालणार, असं मला वाटायला लागलं होतं.

*

मार्थावहिनींना मुंबईला एका दवाखान्यात काम मिळालं. एका सकाळी त्या यार्डात आल्या. पांढरं लुगडं, हातात पत्र्याची ट्रंक. आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

"वहिनी, माझी गाडी निघतेच आहे," मी म्हणालो. "पुढची सीट मोकळी आहे. चला."

"बाजाबांची गाडी कुठली?" त्यांनी विचारलं.

मी दाखवली. बाजाबा चाकावर बसला होता. वहिनी डाव्या बाजूनं गेल्या, दाराला बांधलेली दोरी पाहिली आणि गाठ सोडायला लागल्या. गाठ पक्की होती. नखांनी सोडत राहिल्या. बाजाबा खाली उतरून धावत आला.

"वयनी, या बाजूला नगं. तुमी दुसऱ्या गाडीत बसा. मी हात जोडतो."

"पोतं काढा," वहिनी म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोवर वहिनींनी गाठ सोडली होती. त्यानं पोतं काढलं. वहिनी वर चढल्या, ट्रंक पायाशी घेतली आणि बसल्या.

मी माझी गाडी त्यांच्या मागेच ठेवली. पूर्ण वाटेत माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं. घाटाच्या तोंडाशी बाजाबाची गाडी थांबली. तो उतरला आणि माझ्याकडे चालत आला.

"तू घे गाडी," तो म्हणाला. "माज्यानं न्हाई हुनार. वयनीस्नी घिऊन तर न्हाईच न्हाई."

मी खाली उतरलो. दोघं त्याच्या गाडीपाशी गेलो. वहिनी खिडकीतून दरीकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, इथून पुढे गाडी मी चालवतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीची काच खाली केली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "बाजाबाभाऊ, चढा वर. आणि जरा हळू घ्या, घाटात मला मळमळतं."