हात जड झालाय तिचा

हजेरीच्या वहीत तिचं नाव काहीही असो, कामावर सगळे तिला चिमटाबाई म्हणत. बियाण्यांच्या कंपनीतल्या काचघरांत ती एकवीस वर्षं टोमॅटोच्या फुलांचा संकर करत होती. टोमॅटोच्या पिवळ्या फुलात मधोमध परागांची नळी असते आणि नळीच्या पोटात नाजूक हिरवी काडी. उद्या उमलेल अशी कळी हेरायची, चिमट्याने नळी ओढून काढायची, काडी तेवढी राखायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या टोकाला त्याच काचघरात लावलेल्या दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. काडी मोडली की फळ गेलं, आणि फळाबरोबर बीही. दिवसाला चारशे फुलं व्हायची. "रोज चारशे लग्नं लावतो," बायका म्हणायच्या, "पण जेवायचं बोलावणं एकाचंही नाही."

नवरा गेल्यावर ती धाकट्या दिराच्या शेजारच्या खोलीत राहत होती. मधलं दार कायम उघडं, चूल एकच. दिराची पाठ गेली, तो अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनेच जावेला कामावर लावलं. धाकटीचा हात महिन्याभरात बसला. बारा वर्षं दोघी एकाच डब्यातलं जेवल्या.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. चिमटाबाई पुढच्या काचघरात होती, धाकटी मागच्या. मागची फुलं गळायला लागली. देठ पिवळा पडायचा आणि फूल टपकन खाली. साहेबांनी खाली पडलेली फुलं उचलून बघितली, तर कितीतरी काड्या टोकाशी तपकिरी, काही मोडलेल्या. त्यांनी चिमटाबाईला बोलावलं. धाकटी तिथेच उभी होती.

"हिला शिकवलं कोणी?"

"मी, साहेब."

"मग तूच सांग. हाताचा दोष आहे की नाही?"

मोडलेल्या काड्या समोर होत्या. शिष्येचा दोष गुरूवर यायला वेळ लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. वय झालेल्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? तिने धाकटीकडे बघितलं नाही.

"घरचा ताण आहे तिला," ती म्हणाली. "हात जड झालाय तिचा."

धाकटीला त्याच दिवशी घरी पाठवलं. ती रडली नाही, भांडली नाही. संध्याकाळी चिमटाबाई खोलीवर आली तेव्हा मधल्या दाराला पलीकडून कडी होती आणि पलीकडे स्टोव्ह पेटल्याचा आवाज येत होता. चूल वेगळी झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मागचं काचघरही चिमटाबाईकडे आलं. चार दिवसांत तिचीही फुलं गळायला लागली.

आधी तिला वाटलं, नजर कमी झाली असेल. मग तिने एक कळी डोळ्यांजवळ धरून नीट बघितली. नळीच्या आत राहायची ती काडी कळी उमलायच्या आधीच टोकातून बाहेर डोकावत होती. वाऱ्यावर वाळलेली, ठिसूळ. नळी ओढली की तिच्याबरोबर मोडणारच. देवाने जरी चिमटा धरला असता तरी मोडली असती. परागही धड नव्हते. नळी नखावर आपटली तर पिवळी धूळ पडायची, ती पडेना.



तरी खात्री हवी होती. मागच्या झाडांचे पराग घेऊन तिने पुढच्या काचघरातली वीस फुलं केली, त्यांना लाल दोरे बांधले. पुढचे पराग आणून मागची वीस केली, त्यांना पांढरे. हात तोच, चिमटा तोच. आठवड्याने बघितलं. लाल दोऱ्याचं एकही फूल टिकलं नव्हतं. पांढऱ्यातली तीन टिकली होती. पुढच्या घरात पुढचेच पराग लावलेली तिची एरवीची फुलं मात्र विसातली सतरा-अठरा धरत होती.

तिने मागच्या फुलांच्या परागनळ्या काडेपेटीत घातल्या आणि प्रयोगशाळेतल्या बाईंकडे नेल्या. बाईंनी पराग सूक्ष्मदर्शकाखाली बघितले.

"हे तर फोल आहेत," त्या म्हणाल्या. "दाणा आहे, आत जीव नाही. कळी बारीक असतानाच तापली की असं होतं. काडी लांबते तीही त्यानेच. मागे इतकं तापतं का?"

"तापमापक तर बरोबर दाखवतो."

"तो टांगलाय कुठे?"

तापमापक दाराशी होता. थंडाव्यासाठी मागच्या काचघराला जाळीची एक भिंत होती, तिच्यावरून पाणी झिरपायचं. चिमटाबाईने त्या भिंतीला दारापासून शेवटपर्यंत तळवा लावत नेला. अर्धी भिंत ओली होती. पलीकडची अर्धी खडखडीत कोरडी, पाण्याची भोकं क्षाराने बुजलेली. धाकटीच्या रांगा कोरड्या बाजूला होत्या.

ती साहेबांकडे गेली. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "साहेब, मी खोटं बोलले. तिचा हात चांगला होता. दोष उन्हाचा आहे."

साहेबांनी भोकं साफ करून घेतली. दोन आठवड्यांनी मागे चांगली फुलं यायला लागली. पण धाकटीचा विषय काढला की ते म्हणायचे, "तिला परत घेतलं तर चूक कोणाची म्हणून वर सांगू?"

तोवर धाकटी एका धुलाई कारखान्यात लागली होती. तिथल्या पाण्याने तिच्या बोटांची सालं निघत होती. चिमटाबाईने मधलं दार वाजवलं. कडी निघाली, दार अर्धंच उघडलं. तिने सगळं सांगितलं, लांबलेल्या काड्या, दोरे, कोरडी भिंत. आत दीर कूस बदलताना कण्हला.

धाकटीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊबाई, फुलांना दोरे बांधून आठवडाभर वाट बघितलीत. माझ्याबद्दल मात्र न बघताच सांगितलंत."

"चुकलं गं माझं."

"हो," धाकटी म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

महिन्याभरात ती नवऱ्याला घेऊन कारखान्याजवळ राहायला गेली. पत्ता ठेवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका नव्या मुलीची फुलं गळाली. साहेबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा चिमटाबाई म्हणाली, "आधी भिंत बघा, मग हात बघा." भिंत खरंच बुजली होती. मुलगी वाचली. पण चारचौघांत बोललेलं साहेबांना लागलं. त्यांनी तिला बी धुवायच्या हौदावर टाकलं. तिथे आंबलेल्या गरात दिवसभर कोपरापर्यंत हात. हिवाळ्यापर्यंत तिची बोटं इतकी सुजली की चिमटा धरता येईना.

दीर वारला, ते तिला आठ दिवसांनी कळलं. कारखान्याकडेही रतीब घालणाऱ्या दूधवाल्याने सांगितलं, बाटली ठेवता ठेवता. तो निघून गेल्यावर तिने बाटली आत ठेवली, आणि ती कामावर गेली.