उत्तरेची हद्द

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जॉन्सनव्हिलच्या आमच्या फार्मसीत होते आणि सलमा शेजारी गोळ्या मोजत होती. माझ्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं. ‘अंकल?’ एवढंच विचारलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, ‘उत्तर बाजू राहिली...’ मला त्या क्षणी तिचा रागही आला आणि त्याच वाक्यानं रडूही फुटलं.

तात्या माझे सासरे. उभी हयात मोजणी खात्यात गेलेली. निवृत्तीनंतर इकडे परदेशी आमच्याकडे आले आणि इथल्या वाऱ्याला शिव्या घालत रोज फार्मसीत येऊन बसायला लागले. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या सलमाशी त्यांची ओळख झाली ती तिथेच. सलमा पॅलेस्टिनी. तिच्या वडिलांची ऑलिव्हची बाग इस्रायलनं बांधलेल्या भिंतीपलीकडे अडकली होती. ती भिंत बेकायदा आहे, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना त्या परत द्याव्यात, नाहीतर भरपाई द्यावी, असं मत हेगच्या न्यायालयानं २००४ सालीच दिलं होतं. तात्यांनी ते सगळं छापून घेतलं आणि ओळीखाली पट्टी धरून शब्द न शब्द वाचलं. पुढे काही वर्षांनी अशा नुकसानीची आंतरराष्ट्रीय नोंदवही उघडली, तेव्हा घरचं लग्न ठरल्यासारखे खूश झाले.

‘नोंदवून होणार काय, तात्या? भिंत बांधणारे ऐकतायत थोडेच,’ मी म्हटलं.

‘ऐकेनात का. पण नोंद नसली ना, की उद्या म्हणतील इथे कुणी नव्हतंच.’

त्या नोंदवहीत दावा गावी राहिलेला सलमाचा भाऊ करणार होता. खरेदीखत मात्र इथे, सलमाकडे होतं. तिथल्या इंग्रजांच्या अमदानीतला तो कागद तिच्या वडिलांनी इकडे येताना छातीशी धरून आणला होता. महिन्याभरात एक नातेवाईक तिकडे जाणार होता, त्याच्याबरोबर तो पाठवायचा होता. घड्या विरल्या होत्या. तात्यांनी पाहायला म्हणून दोन दिवस मागून घेतला आणि तिसऱ्या दिवशी अभिमानानं तिच्या हातात ठेवला. लॅमिनेट करून.

आपल्याकडे रेशनकार्डापासून मार्कशीटपर्यंत काय आपण प्लास्टिकमध्ये घालत नाही? त्यांनी मायेनंच केलं होतं. पण गरम रुळाखालून जाताना उठावाचा शिक्का सपाट झाला, सही काळवंडली. सलमानं तो उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाली, ‘अंकल, प्लीज, बाहेर काढा तो.’ तो निघणार नव्हता. वकिलानं पाहून मान हलवली, अस्सल म्हणून याची खात्री आता कुणी देणार नाही म्हणाला.

त्या दिवशी मी घरी येऊन तात्यांना नको ते बोलले. ‘जन्मभर नोकरी करून हेच शिकलात का?’ असं विचारलं. ते ताटावरून उठले. हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर... पण मी त्यांची माफी कधीच मागितली नाही.

दोन दिवसांनी ते वही घेऊन सलमासमोर बसले. ‘कागद गेला तर चतुःसीमा घ्यायची. चारी बाजूंचे शेजारी काय सांगतात ते लिहून आणायचं,’ म्हणाले. पूर्वेचा शेजारी इथेच, आमच्याच देशात, हेन्डरसनला राहणारा निघाला. दक्षिणेचा आणि पश्चिमेचा अजून गावातच होते, त्यांचे जबाब भावानं घेतले. राहिली उत्तर. तिथली म्हातारी आता अम्मानला राहत होती आणि बांधावरून सलमाच्या वडिलांशी तिचं तीस वर्षं भांडण होतं. तिला सोडून द्या, असं आम्ही दोघींनीही सांगितलं. तात्या ऐकेनात. ‘भांडलेला शेजारीच खरा साक्षीदार. हद्द त्याला वीतभर चुकत नाही, आणि तुमच्या भल्यासाठी तो खोटंही बोलत नाही.’ रोज संध्याकाळी सहाला, अम्मानमध्ये सकाळ असताना, ते फोन लावायचे. सलमा अरबीत सांगायची आणि म्हातारी फोन आपटायची. तात्या ‘ठीक, उद्या’ म्हणून चष्मा डब्यात ठेवायचे. त्यांना हॉस्पिटलात हलवलं त्याच्या आदल्या दिवशीही हेच झालं.

ते जाऊन पाच आठवडे झाले आणि फार्मसीच्या फॅक्सवर अम्मानहून एक पान आलं. खाली अंगठा. सलमा एकेक ओळ मला इंग्रजीत सांगत गेली. बांधावरचं बदामाचं झाड माझं आहे, त्यांचा बाप खोटं बोलत होता. झाडाच्या दक्षिणेची सगळी बाग त्यांची, माझं लग्न होऊन मी त्या गावात आले तेव्हापासून त्यांचीच. पान त्याच दिवशी भावाकडे गेलं. दाव्याचं काय होईल ते आम्हाला ठाऊक नाही, भिंत तर उभीच आहे.

अंगठ्याखाली आणखी एक ओळ होती. ती सांगण्याआधी सलमा पाणी प्यायली. ‘त्या हिंदी मोजणीवाल्याला कळवा, अंगठा दिला आहे. आता रोज फोन करू नकोस म्हणावं.’

सहा वाजता आम्ही दोघी दुकान बंद करून फोनशेजारी बसलो होतो. तात्या गेले, हे तिला कळवायला हवं होतं. सलमानं नंबर फिरवला, आणि पलीकडून म्हातारीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला.